चित्र आले, पण कॅमेरा हलेना

नियंत्रण कक्षापासून सुमारे ६०० मीटरवर असलेल्या फिरत्या कॅमेऱ्याचे चित्र फायबरवरून आणायचे आणि त्याच फायबरवरून त्याला सीरियल (एकामागून एक बिट जाणाऱ्या) आज्ञा पाठवायच्या, असे काम माझ्याकडे आले. अशा आज्ञा नेणाऱ्या आरएस-२३२ या जोडणीची तार साधारण १५ मीटरपर्यंतच भरवशाची, म्हणून विजेचे संकेत प्रकाशात आणि पुन्हा विजेत बदलून व्हिडिओबरोबर डेटाही नेणारी कन्व्हर्टरची जोडी घेतली होती. एका दिशेला १३१० आणि उलट दिशेला १५५० नॅनोमीटरचा प्रकाश जात असल्याने एकच तंतू पुरला. जोडणी होताच पडद्यावर स्वच्छ चित्र आले. जॉयस्टिक हलवली, तर कॅमेरा ढिम्म.

चित्र दिसते आहे म्हणजे फायबर ठीक, या समजुतीत मी अख्खी दुपार घालवली. चित्र कॅमेऱ्याकडून माझ्याकडे येते आणि आज्ञा उलट जाते. तेव्हा चित्रावरून आज्ञेच्या वाटेविषयी काहीच कळत नाही, हे फार उशिरा डोक्यात शिरले.

मग जॉयस्टिक बाजूला ठेवून लॅपटॉपला यूएसबी-सीरियल अडॅप्टर लावला आणि पलीकडच्या कन्व्हर्टरवर कॅमेऱ्याची तार काढून डेटा इन व डेटा आउट एका छोट्या वायरने जोडले. इथे टाइप केलेले अक्षर तिथून परतून पडद्यावर उमटायला हवे होते, ते उमटले नाही. कारण क्षुल्लक निघाले : पलीकडच्या कन्व्हर्टरचा डिप स्विच (पद्धत निवडायचे छोटे बटण) आरएस-४८५ या वेगळ्या सीरियल पद्धतीवर होता. तो बदलताच अक्षरे परत येऊ लागली.

कॅमेरा जोडला, तरी तोच प्रकार. आरएस-२३२ मध्ये पाठवणारी पिन रिकामी असताना जमिनीच्या तुलनेत ऋण व्होल्टेजवर असते, त्यामुळे कोण कोणत्या पिनवर बोलतो हे मल्टिमीटरने समजते. तार कॅमेऱ्यापासून सोडवून तिचे टोक आणि कॅमेऱ्याचा सॉकेट असे दोन्ही मोजले, तेव्हा एकाच पिनवर दोन्हीकडे उणे ६ व्होल्टच्या आसपास दिसले. दोघेही एकाच तारेवर बोलत होते आणि ऐकायला कोणीच नव्हते. दोन तारांची अदलाबदल केली.

तरीही शांतता, आणि या टप्प्यावर मी खरोखर वैतागलो, कारण माझी परतीची चाचणी तर उत्तीर्ण झाली होती. त्या चाचणीतली उणीव मग कळली : पाठवणारा आणि घेणारा एकच पोर्ट असल्याने बॉड रेट, म्हणजे डेटाचा वेग, काहीही ठेवला तरी ती यशस्वीच होते. कॅमेऱ्याच्या तळाशी असलेला स्विच ३८४०० वर होता, माझा पोर्ट ९६०० वर. स्विच ९६०० वर आणला, पण फरक पडेना; हा कॅमेरा स्विचची स्थिती फक्त सुरू होताना वाचतो, ही ओळ पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत होती. वीज बंद करून पुन्हा सुरू केली.

आता व्हिस्का या कॅमेरा-आज्ञांच्या पद्धतीची झूमची आज्ञा सोळा-आधारी अंकांत हाताने लिहिली : ८१ ०१ ०४ ०७ ०२ एफएफ. क्षणात उत्तर आले, ९० ४१ एफएफ, म्हणजे आज्ञा पोहोचली. पाठोपाठ ९० ५१ एफएफ, म्हणजे पूर्ण झाली. ही आज्ञा झूम सुरू करते, थांबवायला वेगळी आज्ञा लागते, आणि आनंदाच्या भरात ती पाठवायची मी विसरलो. समोरच्या खुर्चीच्या पाठीवरचा एक स्क्रू पडदाभर झाला, तेव्हा कुठे ०२ च्या जागी ०० लिहून पाठवले.