आजीने न पाहिलेलं कोहिमा

दिमापूरहून पहाटे निघालेली सुमो चिखलातून चढत होती. अंतर जेमतेम पंच्याहत्तर किलोमीटर, पण वळणं सरता सरत नव्हती. 1944च्या उन्हाळ्यात याच रस्त्याने कोहिमाला जपान्यांशी झालेल्या लढाईतले जखमी खाली दिमापूरच्या रेल्वेपर्यंत यायचे. तिथून पुढे आसामातल्या एका लष्करी इस्पितळात माझी आजी नर्स होती. वय बावीस, शिक्षण मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातलं.

आजी 96 वर्षं जगली. आम्हा नातवंडांचा हात हातात घेतला, की शेवटपर्यंत तिची बोटं आपसूक नाडीवर जायची. लढाईबद्दल ती बोलत नसे. बोलायची ते हिवतापावरच्या मेपाक्रिनच्या गोळ्यांनी पिवळ्या पडलेल्या चेहऱ्यांबद्दल, आमांशाबद्दल आणि पत्रांबद्दल. मणिपुरात सांगशाकला मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन लढली होती. त्या आघाडीवरची आपली पोरं वॉर्डात आली, की घरचं पत्र आजीनेच लिहायचं. तिथे मराठी लिहिणारी ती एकटी. पाय कापलेला असो, डोळा गेलेला असो, पोरगा सांगायचा एकच: ‘मी खुशाल आहे. काळजी करू नये.’ आजी तसंच लिहायची. पुढे स्वतःच्या पत्रांत तिने ‘खुशाल’ हा शब्द कधी लिहिला नाही. आईला पाठवलेली तिची सगळी पत्रं मी चाळली आहेत. त्यांत दुखणं असेल तर दुखणं लिहिलंय, तेही कितव्या दिवसापासून, ताप किती, यासकट.

कोहिमाची युद्धस्मशानभूमी गॅरिसन हिलच्या उतारावर आहे. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट इथेच होतं. कोर्टाच्या एका कडेला जपानी, दुसऱ्या कडेला आपले, आणि मधून हातबॉम्ब. आता तिथे पांढऱ्या रेघा आखून कोर्टाची जागा तेवढी दाखवली आहे. मी तिथे फार थांबले नाही.

दफन केलेल्यांच्या 1,420 कबरी ओलांडत वर गेले. सगळ्यांत उंचावर दहन केलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांचं स्मारक आहे. कबर नाही, नुसती नावं. 917.

आजीला तिच्या वॉर्डातली पोरं गावांवरून आठवायची: वाईचा, खटावचा, संगमेश्वरचा. नावं पुसट झाली होती. तिच्या हाताखालून गेलेलं कुणी या यादीत असेलच असं नाही. तरी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक नाव मोठ्याने वाचायला लागले. पाऊस सुरू झाला, तेव्हा छत्री उघडली आणि पुढचं नाव वाचलं.