तुम्ही विचारलंत म्हणून: त्या गाठींचा अर्थ काय?

टॅटूसाठी नक्षी शोधणारे बरेच जण मला विचारतात: आयर्लंड, स्कॉटलंड आणि त्यांच्यामधल्या समुद्रातलं आयल ऑफ मॅन हे बेट, इथल्या जुन्या दगडी क्रुसांवर ज्या गुंतलेल्या गाठी असतात, त्यांचा अर्थ काय? ही प्रेमाची, ती अमरत्वाची, असं त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं.

गाठीगाठीचा अर्थ सांगणारा त्या काळातला एकही मजकूर आपल्यापर्यंत आलेला नाही. 'या गाठीचा हा अर्थ' असे तक्ते फिरतात, ते अलीकडचे आहेत. म्हणून मी आधी ती गाठ कशी घडते ते दाखवते. सुरुवात साध्या वेणीपासून. पट्टा एकदा वरून, एकदा खालून. हा नेम मोडायचा नाही. मग एखाद्या ठिकाणचा छेद, म्हणजे दोन पट्टे एकमेकांना ओलांडतात ती जागा, तोडायचा आणि सुटलेली चार टोकं दोन-दोन करून वळवून जोडायची. असे छेद ठरावीक अंतरानं तोडत गेलं की वेणीत गाठी उमटतात. जे. रोमिली ॲलन यांनी १९०३ साली स्कॉटलंडच्या कोरीव शिळांच्या अभ्यासात हे उलगडून दाखवलं. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हाताला हे लगेच उमजेल. दगडात मात्र चुकलेली रेघ पुसता येत नाही.

माझा सर्वांत लाडका क्रूस आयल ऑफ मॅनवर, कर्क मायकेलच्या चर्चमध्ये आहे. दहाव्या शतकातली स्लेटची शिळा, तिच्यावर कड्यांची गुंफलेली साखळी आणि रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतला लेख: अथकान लोहाराचा मुलगा मेल ब्रिगदे यानं आपल्या आत्म्यासाठी हा क्रूस उभारला. त्यापुढे येतं, 'गाउतनं हा केला, आणि मॅनमधले सगळे (क्रूस).' बापलेकांची नावं गेलिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या भाषेतली; लेखाची भाषा नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांची. एका शिळेवर दोन समाज शेजारी नांदताना दिसतात, आणि कारागीर हजार वर्षांनंतरही छाती पुढे काढून उभा आहे! मला हे कुठल्याही तक्त्याहून मोलाचं वाटतं.

अर्थच शोधायचा असेल, तर समुद्रापलीकडे इंग्लंडच्या कंब्रिया भागातल्या गॉसफोर्थला शोधा. तिथल्या जवळजवळ साडेचार मीटर उंच, तांबड्या वालुकाश्माच्या क्रुसावर येशूचं क्रूसारोहण आहे, आणि लांडग्याचा जबडा फाडणारा नॉर्स देव विदारही. गाठींचं तसं नाही, पण या चित्रांमागच्या कथा लिहिलेल्या आहेत.

आणि टॅटू काढायचाच असेल तर नक्षी आधी कागदावर काढून घ्या, एकेका पट्ट्यावरून बोट फिरवा. पट्टा लागोपाठ दोनदा वरून गेला, तर काढणाऱ्याला पुन्हा काढायला सांगा.