टॅटूचं डिझाईन निवडताय? आधी ते कुणाचं आहे ते बघा

हातावर टॅटू करून घेतल्यापासून मैत्रिणी, मावसभाऊ, ऑफिसातली पोरं, कुणी ना कुणी व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवत असतं आणि खाली एकच प्रश्न, "याचा अर्थ चांगला आहे ना गं?" कमळ, पीस, बाण, त्रिशूळ, इन्फिनिटी, आणि ते खाली गुंडाळी आणि वर सरळ जाणारी रेघ असलेलं उनालोमे. अर्थ तर सगळ्यांचाच चांगला असतो हो. नेटवर शोधलंत तर प्रत्येक चित्राखाली शक्ती, शांती, नवी सुरुवात असं काहीतरी लिहिलेलं सापडतंच, त्यामुळे नुसत्या अर्थावरून निवड होतच नाही. मी हल्ली वेगळंच विचारते. हे चित्र मुळात कुणाचं, त्यांनी ते अंगावर का घेतलं, आणि तुझा त्याच्याशी संबंध काय?

स्वॅलो पक्ष्याचंच घ्या. गोव्यात कळंगुट-बागाच्या कुठल्याही स्टुडिओत तो दिसेल, आणि खाली लिहिलेलं असतं "स्वातंत्र्य". पण हा पक्षी मूळचा खलाशांचा. ५००० सागरी मैल प्रवास झाला की एक स्वॅलो काढायचा, आणखी ५००० झाले की दुसरा, आणि हा पक्षी दरवर्षी फिरून परत येतो म्हणून तो अंगावर असला की आपणही घरी परतू ही त्यामागची श्रद्धा. आता गोव्यात तारवटींची, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांची, घरं काय थोडी आहेत का? माझ्या एका मैत्रिणीचे वडील आयुष्यभर बोटीवर होते, मडगावच्या घरी महिनोन्महिने फक्त फोन यायचा. तिने मनगटावर स्वॅलो काढून घेतला तेव्हा तिला अर्थ शोधावा लागलाच नाही. तोच पक्षी दुसऱ्या कुणी "फ्रीडम" म्हणून काढला तर मी त्याला अडवणार नाही, पण हे सगळं आधी सांगेन जरूर.

सेमीकोलनचंही तसंच. दिसायला साधं विरामचिन्ह, पण २०१३ साली अमेरिकेत एमी ब्लूएल यांनी आत्महत्येने गेलेल्या आपल्या वडिलांच्या आठवणीत प्रोजेक्ट सेमीकोलन सुरू केलं तेव्हापासून त्याला फार मोठं वजन आलंय. वाक्य इथे संपवता आलं असतं, पण मी पुढे लिहायचं ठरवलं, असं ते सांगणं. नैराश्यातून बाहेर पडलेली किंवा कुणाला तरी गमावलेली माणसं ते अंगावर वागवतात, आणि ती एकमेकांना त्या खुणेवरून ओळखतात, येऊन बोलतातसुद्धा. तेव्हा नाजूक दिसतं म्हणून ते निवडू नका, समोरच्याने त्याची गोष्ट सांगितली तर तुम्ही काय सांगणार?

आणि ट्रायबल डिझाईन. काळे जाड वळसे, खांद्यावर भारी दिसतात, मान्य. त्यातली कितीतरी न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या मोको या पारंपरिक गोंदणावरून उचललेली असतात आणि मोकोमध्ये त्या माणसाची वंशावळ असते, तो कुठल्या घराण्यातला, कुठल्या टोळीतला. बाहेरच्या माणसासाठी ते लोक किरितुही नावाचा वेगळा प्रकार करतात, म्हणजे आवड असेल तर रस्ता आहे, पण दुसऱ्याच्या पणजोबांची ओळख आपल्या दंडावर कशाला?

आपल्याकडे तर गोंदणाची केवढी परंपरा आहे. सत्तरी तालुक्यातल्या माझ्या आजीच्या कपाळावर ठिपके होते, हनुवटीवर एक, आणि उजव्या हातावर कोपराखाली तुळशीवृंदावन. दिव्याची काजळी, झाडपाल्याचा रस, एकत्र बांधलेल्या सुया, एवढ्यावर काम व्हायचं आणि पोर रडली तरी सगळ्याजणी धरून बसवायच्या. सोनं-नाणं इथंच राहतं, वर जाताना गोंदण तेवढं बरोबर येतं, असं ती सांगायची. मला त्यातली जागेची निवड फार आवडते. तुळस पाठीवर किंवा पायावर कधीच नाही, ती हातावरच, म्हणजे जात्यावर बसली, भाकरी थापली, तुळशीला पाणी घातलं तरी समोर दिसणार. पायावर देव घ्यायचा नाही हे आजही आई-मावश्या ओरडून सांगतात, आणि मला ते पटतं, कारण ज्यांचं ते चिन्ह आहे त्यांना ते कुठे चालतं, कुठे नाही, हाही अर्थाचाच भाग झाला.

माझा टॅटू मात्र तुळशीचा नाही, कावीचा आहे. ज्यांनी कावी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. जुन्या देवळांच्या भिंतीवर चुन्याचा गिलावा, तो ओला असतानाच त्यावर कावेच्या लाल मातीचा थर, आणि मग अणकुचीदार हत्याराने तो लाल थर खरवडायचा की आतला पांढरा चुना दिसायला लागतो. रंगवायचं नाही, कोरायचं. फुलं, वेली, मोर, दशावतार, भौमितिक नक्षी, सगळं लाल आणि पांढरं. कोकणात, गोव्यात आणि खाली कारवारच्या बाजूला ही कला होती, आणि बरीचशी जीर्णोद्धारात गेली. आमच्या गावच्या देवळातही सभामंडपाच्या भिंतीवर कावी होती. मी लहान असताना नवीन बांधकाम निघालं, जुनी भिंत पाडली, तिथे आता चकचकीत टाईल्स आहेत. कुणी त्या भिंतीचा साधा फोटोही काढून ठेवला नाही याचा मला अजूनही राग येतो.

मग घरातले जुने अल्बम चाळताना आत्याच्या लग्नाचा एक फोटो मिळाला. सगळे रांगेत उभे, बाबा एकदम बारीक, आणि आत्याच्या डोक्याच्या वर, भिंतीवर, एक आठ पाकळ्यांचं फूल गोल चौकटीत. अर्धवट दिसतं, एक पाकळी काकांच्या फेट्यामागे गेलीय. तो फोटो मोठा करून मी टॅटू करणाऱ्या मुलाकडे घेऊन गेले आणि त्याने फारच मन लावून काम केलं. पहिल्यांदा त्याने कंपासने काढल्यासारखं अगदी नेमकं फूल काढून दाखवलं, मी म्हटलं नको, पाकळ्या कमी-जास्त आहेत तशाच राहू देत, हाताने खरवडलेलं आहे ते. झाकलेली पाकळी आम्ही शेजारच्या पाकळीवरून बेतली.

रंगावर मात्र बराच वेळ घालवला. मला कावेसारखा तांबूस लाल हवा होता. तो म्हणाला, ताई, ॲलर्जीच्या तक्रारी सगळ्यात जास्त लाल शाईच्याच असतात, कधीकधी वर्षांनंतरसुद्धा खाज उठते, आणि आपल्या सावळ्या कातडीवर तो रंग बाटलीत दिसतो तसा दिसणार नाही. मग पूर्ण काळ्यात केलं, फक्त कावीत जिथे पांढरं असतं तिथे माझी कातडी मोकळी सोडली. आता विचारलं तर मला कावीचा टॅटू काळ्यातच बरा वाटतो. कुणी बघून "मंडला आहे का?" विचारतं, मग मी आख्खी भिंतीची गोष्ट सांगत बसते.

गोव्यातल्याच गोष्टी शोधायच्या असतील तर खजिना पडलाय. गोव्याचे जुने राजे कदंब, त्यांचा सिंह बऱ्याच मुलांच्या दंडावर दिसतो. तो काढणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन, की आधी नार्वेच्या सप्तकोटीश्वराच्या देवळात जाऊन या. गोव्याच्या कदंबांच्या सोन्याच्या नाण्यांवर हा सिंह आहे आणि त्यांच्या लेखात सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख आहे, म्हणजे तो सिंह त्या राजांनी आपल्या देवाच्या नावाबरोबर मिरवलेला आहे. पोर्तुगिजांनी दिवाडी बेटावरचं मूळ देऊळ पाडलं, देव तिथून नदीपलीकडे डिचोली तालुक्यात नार्वेला आला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. हे सगळं माहीत असून काढलेला सिंह आणि जिममध्ये भारी दिसतो म्हणून काढलेला सिंह, दोन्ही सारखेच दिसतील, पण वागवणाऱ्याला फरक कळतो.

माझ्या धाकट्या मावसभावाने तर उसगाळीमळचं चक्रव्यूह निवडलंय. सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठावर जांभ्या दगडात कोरलेली चित्रं, १९९३ च्या सुमारास ती लोकांसमोर आली. बैल, हरणं, मोर, नाचणारी बाई, आणि एकात एक फिरत जाणारी ती गोल वर्तुळं. त्या वर्तुळांचा अर्थ काय यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मावशी म्हणाली, अरे अर्थच माहीत नाही तर काढतोस कशाला? तर तो म्हणाला, हजारो वर्षांपूर्वी इथे कुणीतरी नदीकाठी बसून हे कोरलं, मी त्याच मातीतला, मला एवढं पुरतं. मला वाटतं, सगळ्यांपेक्षा त्याचंच उत्तर खरं आहे.

पण त्याला मी एक सांगितलंय की मनगटावर दोन इंचांत ते बसवू नकोस. शाई कातडीच्या दुसऱ्या थरात जाऊन बसते आणि वर्षागणिक थोडी थोडी पसरते, त्यामुळे जवळजवळच्या बारीक रेघा पुढे एकमेकींत मिसळतात आणि चक्रव्यूहाचा नुसता डाग होतो. एकतर मोठं काढायचं, पोटरीवर किंवा दंडावर, नाहीतर वर्तुळं कमी करायची, आणि कमी केली तर ते उसगाळीमळचं राहत नाही. सैन्यात जायचा विचार असेल तर जागेचे नियम कडक आहेत, हाताच्या आतल्या बाजूला कोपर ते मनगट आणि तळहाताची मागची बाजू एवढंच चालतं, तेव्हा भरतीची ताजी जाहिरात आधी वाचा.

ठरत नसेल तर डिझाईन कागदावर छापून आरशाला चिकटवा, किंवा स्टेन्सिल उठवून तसेच काही दिवस फिरा. बीचवरच्या काळ्या मेंदीने मात्र ट्रायल नको. साधी मेंदी तांबूस रंगते, झटक्यात काळीकुट्ट रंगते तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी हे केसांच्या डायमधलं केमिकल असतं, त्याने फोड येतात आणि व्रणसुद्धा राहतात.

आणि कधी करायचा हेही ठरवा. जखम भरेपर्यंत, म्हणजे दोन ते चार आठवडे, समुद्रात, नदीत, स्विमिंग पूलमध्ये उतरायचं नाही, उन्हात उघडा ठेवायचा नाही. मी म्हणूनच जून धरला होता, पावसात समुद्र खवळलेला, कुणी पोहायला चल म्हणत नाही, ऊनही नाही. फक्त रेनकोटची ओली बाही घासू नये म्हणून ऑफिसला जाताना तेवढे दिवस स्कूटर घरी ठेवून बसने गेले.