मावशीचा वशिला

मागच्या रविवारी कार्डिफहून गाडी काढली आणि सीमा ओलांडून हेरफर्डशरमधल्या बॅक्टन नावाच्या खेड्यात गेलो. आज हा भाग इंग्लंडात मोडतो, पण ट्यूडर राजघराण्याच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या सुमारास, इथं सर्रास वेल्श बोलली जायची. गावच्या चर्चमध्ये ब्लांच पॅरी या राणीच्या खास सेविकेचं स्मारक आहे. पहिली एलिझाबेथ राणी दिमाखात उभी, आणि शेजारी गुडघे टेकून बसलेली ब्लांच. हे स्मारक ब्लांचनं जिवंतपणीच करवून घेतलं. स्मारकावर ब्लांचच्या तोंडी कविता कोरली आहे. तीत ती सांगते की राणीचा पाळणा हलताना मी पाहिलाय आणि राणीसारखीच मीही अविवाहित राहिले.

ब्लांच इथल्याच न्यूकोर्ट वाड्यातली लेक. जन्म 1507-08 चा. दरबारात तिला आणलं मावशीनं. 'माय मरो पण मावशी उरो' ही म्हण वेल्श लोकांनाही पटली असती! मावशी म्हणजे लेडी ट्रॉय, वेल्समधल्या मॉनमथ गावाजवळच्या ट्रॉय या ठिकाणच्या सर विल्यम हर्बर्टची बायको. छोटी एलिझाबेथ आणि तिचा सावत्र भाऊ एडवर्ड यांच्या संगोपनाची मुख्य जबाबदारी तिच्याकडे होती.

म्हणजे सरळसरळ वशिला. पण मावशी निवृत्त झाली तेव्हा वरची जागा भाचीला मिळाली नाही, ती गेली कॅट ॲशलीकडे. ब्लांच मुकाट्यानं काम करत राहिली. 1549 मध्ये एलिझाबेथच्या लग्नाच्या कारस्थानावरून कॅटची रवानगी लंडनच्या टॉवर या किल्ल्यात, कैदेत झाली. ब्लांचवर तशी वेळ आली नाही. 1565 मध्ये कॅट वारली आणि ब्लांच राणीच्या अंतःपुरातली प्रमुख झाली, तेव्हा तिची पन्नाशी कधीच उलटली होती. नुसतं वशिल्याचं तट्टू एवढा दम धरत नाही, असं माझं मत.

मग मात्र राणीचे जडजवाहीर तिच्या ताब्यात, आणि राणीच्या कानाशी लागायचं तर वाट तिच्याकडूनच. गोतावळाही तसाच: राणीचा मुख्य मंत्री विल्यम सेसिल तिला नात्यातली मानायचा. त्याचं मूळ घराणं याच सीमाभागातलं. ज्योतिषी जॉन डी हाही वेल्श रक्ताचा, त्याच्या मुलाची ती धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळची मानलेली आई. म्हातारपणी तिला दिसेनासं झालं. 1587 मध्ये दागिन्यांचा ताबा यादीनिशी दुसरीकडे गेला, आणि 1590 मध्ये ती वारली.

याच चर्चमध्ये वेदीवरचं एक जुनं कापड चौकटीत लावलेलं असायचं. जरीच्या रुपेरी कापडावर गुलाब, डॅफोडिल, फुलपाखरं, सुरवंट, चिमुकल्या होड्या असं बारीक भरतकाम. अभ्यासकांच्या मते ते बहुधा खुद्द एलिझाबेथच्या पोशाखाचं आहे! डागडुजीनंतर ते हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात मांडलं होतं.

इकडे मुलांकडे येणार असाल तर बॅक्टनला जरूर जा. रस्ते इतके अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर गाडी मागे घ्यावी लागते. आणि खायचं बरोबर ठेवा.