एबीएस रिंगची चीर

गाडी 2005 सालची. बनवणाऱ्या कंपनीने भारतातून केव्हाच गाशा गुंडाळलेला. मालक रत्नागिरीकडचे निवृत्त मुख्याध्यापक, घर अगदी समुद्राला लागून. लेक कोल्हापुरात दिलेली, त्यामुळे आंबा घाटातून येणंजाणं ठरलेलं. तक्रार अशी, की गाडी थांबत आली की शेवटच्या क्षणी पॅडल पायाखाली थरथरतं, कर्रकर्र आवाज येतो आणि गाडी हातभर पुढे सरकते. एकदा पुढच्या रिक्षाला धडकता धडकता वाचली होती.

आधीच्या गॅरेजमध्ये स्कॅनरवर डाव्या पुढच्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा बिघाड-कोड आला, म्हणून भंगारातला सेन्सर आणून बसवला. फरक पडला नाही, तेव्हा एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, फ्यूज काढून टाकण्याचा सल्ला मिळाला. "साधे ब्रेक लागतातच की," म्हणे.

"तुम्हीही तेच सांगणार असाल तर आत्ताच सांगा," सर म्हणाले.

"सर, पावसात घाट उतरणाऱ्या गाडीचा फ्यूज मी काढणार नाही."

फ्यूज काढला की एबीएसबरोबर पुढच्या-मागच्या चाकांवर ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही जाते. ओल्या उतारावर मागची चाकं आधी जाम झाली, तर गाडी फिरते. फ्यूज काढणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, आणि असा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

कोड सेन्सरचं नाव घेतो, पण दोष त्या सर्किटमध्ये कुठेही असू शकतो. या गाडीचे सेन्सर जुन्या धाटणीचे, आत लोहचुंबक आणि तारेची गुंडाळी. समोरून दातेरी लोखंडी रिंग फिरली की गुंडाळीत वीज उमटते. दोन्ही बाजूंचा रेझिस्टन्स मोजला, जवळपास सारखाच. वायरिंगही ठीक. मग विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लावून चाक हाताने फिरवलं. पडद्यावर एकसारख्या लाटा, आणि दर फेऱ्यात एकदा, त्याच जागी, एक लाट लांबलेली. सेन्सर बिघडला असता तर दोष असा चाकाच्या फेऱ्याला बांधलेला नसता.

चाक फिरवणारा दांडा, म्हणजे ड्राइव्हशाफ्ट, उतरवला; रिंग त्यावरच बसलेली असते. रिंगवरचं ग्रीस आणि माती वायर ब्रशने काढली, तेव्हा दोन दातांच्या मधोमध चीर दिसली. नख अडकेल एवढीच. खारी हवा रिंगच्या खाली शिरली होती, गंजाची खपली फुगली होती आणि तिने आतून रेटून रिंग फोडली होती. दोन दातांतलं अंतर वाढलं, म्हणून एबीएस चालवणाऱ्या कंट्रोल युनिटला वाटायचं की चाक अचानक मंदावलं, जाम होतंय. ते ब्रेकचं प्रेशर सोडायचं आणि गाडी पुढे सरकायची.

ही रिंग सुटी कधी मिळतच नव्हती, अख्खा ड्राइव्हशाफ्ट घ्यावा लागायचा, आणि तोही आता बंद. जुन्या पार्टसाठी पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला फोन केले. जे होते ते वापरलेले, आणि बहुतेकांच्या रिंगाही अशाच गंजलेल्या.

पण कोल्हापुरात उद्यमनगरसारखी कारखान्यांची वसाहत असताना रिंगसाठी का अडायचं? शाफ्टची बैठक साफ करून मायक्रोमीटरने मोजली, उजव्या बाजूच्या धड रिंगवरून दातांची उंची-रुंदी घेतली. दात 48. एक जरी कमी-जास्त झाला, तर ते चाक बाकीच्या तिघांपेक्षा वेगळ्या वेगाने फिरतंय असं युनिटला वाटेल. वायरकटवाल्या (तारेने धातू कापणाऱ्या मशीनच्या) ओळखीच्या कारागिराने विचारलं, "स्टेनलेसमध्ये करू का? परत गंजायचं नाही." कल्पना चांगली, पण 304 स्टेनलेस लोहचुंबकाला दाद देत नाही, सेन्सरला ती रिंग दिसलीच नसती. साध्या माइल्ड स्टीलच्याच दोन करून घेतल्या, कारण उजवीकडचीही खालून फुगायला लागली होती. भोक बैठकीपेक्षा किंचित लहान ठेवलं. रिंग तापवली, ती प्रसरण पावून अलगद बसली आणि गार होताना शाफ्टला घट्ट आवळून राहिली. वरून झिंक प्रायमर मारला.

रिकाम्या रस्त्यावर लॅपटॉप मांडीवर देऊन पोराला शेजारी बसवलं. चारही चाकांचे आकडे एकमेकांना धरून चालले. हळू वेगात पुन्हा पुन्हा ब्रेक लावला, पॅडल शांत. मग मुद्दाम खडीवर जोरात दाबला, तेव्हा मात्र एबीएस लागला, जिथे लागायला हवा तिथेच.

सरांना सांगितलंय, दर पावसाळ्यानंतर गाडी जॅकवर घेऊन रिंगा बघून घ्यायच्या. ड्रॉइंग मी ठेवून घेतलंय. याच मॉडेलची गाडी कुणाकडे असेल आणि "पार्ट मिळत नाही" म्हणून फ्यूज काढायचं चाललं असेल, तर आधी मला विचारा. रिंग बनवून मिळते.