गालावर पट्टे नसलेला कस्तूर

सिंहगडाच्या पायथ्याशी पाचोळा उलथत फिरणारा नारिंगी डोक्याचा कस्तूर मी अनेक वर्षे पाहत आलो आहे, आणि बहुधा म्हणूनच जानेवारीतल्या एका सकाळी दिसलेल्या पक्ष्याकडे मी नीट पाहिले नाही. वहीत नाव लिहून पुढे निघालो. घरी छायाचित्रे मोठी करून पाहताना मात्र खटकले, की याच्या गालावर पट्टेच दिसत नाहीत.

आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या सायनोटस उपजातीचा कंठ आणि गाल पांढरे असतात आणि डोळ्याखालून दोन गडद पट्टे उभे उतरतात. हिमालयात वीण करणाऱ्या सिट्रिना उपजातीचे डोके मात्र संपूर्ण नारिंगी असते आणि तिचे पक्षी हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरतात. म्हणजे तो इथे येणे अशक्य नव्हते. पण एखादी खूण 'नाही' असे म्हणायला ती 'आहे' म्हणण्यापेक्षा जास्त पुरावा लागतो, आणि माझ्या चार छायाचित्रांपैकी एकात गालावर काटकीची सावली पडल्यामुळे तिथे चक्क एक पट्टा दिसत होता.

पहिली शंका वयाची होती. पिल्लाच्या मळकट तपकिरी पाठीवर फिक्या रेघा असतात. या पक्ष्याची पाठ स्वच्छ निळसर राखाडी होती, त्यामुळे तो प्रौढ आणि बहुधा नर असावा. आग्नेय आशियातल्या इनोटाटा उपजातीचे डोकेही असेच पूर्ण नारिंगी असते, पण तिच्या पंखावर पांढरी खूण नसते आणि याच्या पंखावर ती ठळक होती. आवाजाची मदत घ्यावी, तर हा पक्षी हिवाळ्यात बहुतेक गप्पच असतो.

म्हणून त्याच जागी पुन्हा गेलो. दोन फेऱ्या वाया गेल्या. तिसऱ्या सकाळी ओढ्याच्या डबक्यात तो अंघोळ करत असताना एक स्थानिक कस्तूर येऊन हातभर अंतरावर उतरला. एकाच उजेडात त्याचे पांढरे गाल झाडांच्या सावलीतही उठून दिसत होते आणि माथा पिवळसर वाटत होता. शेजारच्याचा गाल मात्र माथ्याइतकाच गडद नारिंगी होता. दोघेही एकत्र असलेले छायाचित्र जोडून मी वहीतली जुनी नोंद खोडली आणि तिथे 'सिट्रिना' असे लिहिले.