नोंद अकरावी : धुराचा एक्स्चेंजर सत्तर दिवसांत गळाला

मागच्या शनिवारी सकाळी नाशिकमधील मखमलाबादच्या शेडमध्ये गोबर गॅसवर चालणाऱ्या इंजिनाखाली तांबूस पाण्याचे थारोळे दिसले, तेव्हा प्रथम वाटले की एखादा होज सुटला असावा. परंतु पाणी झिरपत होते ते धुराच्या हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनाच्या गरम धुरातील उष्णता नळ्यांमधून पाण्याला देणाऱ्या भांड्याच्या) खालच्या प्लेटमधून, आणि हे पाणी फिरवणाऱ्या बंद लूपमधला दाब शून्यावर आलेला होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसवलेला हा एक्स्चेंजर जेमतेम सत्तर दिवस टिकला. धुराचा पाइप खालच्या दिशेने उतरता ठेवला होता म्हणून बरे, अन्यथा तेच पाणी रात्रभरात एक्झॉस्ट पोर्टमधून सिलिंडरमध्ये उतरले असते आणि ही नोंद इंजिनाच्या अंत्यविधीची झाली असती.

ते सत्तर दिवस मात्र सुखाचे गेले, हे आधी नोंदवतो. जानेवारीत निफाडचा पारा रोज वर्तमानपत्रात झळकत होता, द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटत होत्या, आणि आमच्या शेडमध्ये बाहेर ८ अंश असताना डायजेस्टरमधील, म्हणजे गॅस तयार होणाऱ्या टाकीतील, स्लरी (शेणकाला) या गरम पाण्यामुळे ३४ अंशांवर होती. रोजचे १०० किलो शेण आणि मेसमधले सुमारे २५ किलो खरकटे एवढ्याच खुराकावर ६ घनमीटर गॅस मिळत होता. गेल्या जानेवारीत, तापवण्याची सोय नसताना, तोच आकडा साडेतीनवर अडकला होता. संध्याकाळी सूर्य मावळला की सव्वातीन तास इंजिन, २ किलोवॅटचा भार, साडेसहा युनिट वीज, आणि दिवसभर छतावरचे ३ किलोवॅटचे पॅनल. साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीपुढे हा खेळ भातुकलीचा आहे, पण हिवाळ्यात गोबर गॅस झोपू न देणे हे मला दोन वर्षे जमले नव्हते.

एक्स्चेंजर कापून पाहिला. खालच्या टोकाकडील चार नळ्यांना आतून खड्डे पडलेले होते, तर वरच्या, गरम टोकाकडील नळ्या जवळजवळ नव्यासारख्या होत्या. माझा पहिला राग पुरवठादारावर निघाला. त्याने नळ्या एसएस ३१६ च्या, म्हणजे आम्लाला जास्त दाद न देणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या, म्हणून दिल्या होत्या. मॉलिब्डेनम तपासण्याचे थेंबाचे किट आणून बॅटरी लावली, तर रंगच आला नाही. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि ३०४ या साध्या प्रकारात ते मुद्दाम घातलेले नसते, म्हणजे मला फसवले गेले हे उघड होते. यापुढे बिलावर विसंबून नळी घ्यायची नाही, किट खिशात घेऊनच दुकानात जायचे. तरीही या रागाने दोन दिवस माझी दिशाभूल केली, कारण खरा दोष त्याहून जवळ होता.

अंबडच्या ज्या कारागिराने टिग वेल्डिंग केले होते, त्याच्याकडे तुकडे नेले. त्याने नळी उजेडात धरली आणि एवढेच म्हणाला, “काका, गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचाच सायलेन्सर आधी सडतो. लांब पल्ल्याच्या गाडीचा टिकतो, कारण तो वाळतो.”

घरी येऊन नवव्या नोंदीतील माझेच आकडे पुन्हा वाचले. तिथे मी मोठ्या अभिमानाने लिहिले होते की धूर ७० अंशांपर्यंत थंड होऊन बाहेर पडतो आणि डायजेस्टरच्या कॉइलमधून परतणारे पाणी ३४ अंशांच्या वर कधीच जात नाही. नळीची भिंत धुराच्या तापमानाला नव्हे, तर पाण्याच्या तापमानाला चिकटून राहते, कारण पाणी उष्णता कित्येक पटींनी वेगाने उचलते. म्हणजे धूर ७० वर असला तरी भिंत चाळिशीच्या आसपास होती, आणि धुरातील वाफ साधारण ५५ अंशांच्या खाली पाणी होऊन बसते. दिवसाला ६ घनमीटर गॅस जाळला की सुमारे ५ लिटर पाण्याइतकी वाफ तयार होते. त्यातले जवळपास लिटरभर माझ्या ड्रेनच्या बाटलीत जमत होते आणि मी ते कार्यक्षमतेचा पुरावा समजत होतो. आता त्यात पीएचची पट्टी बुडवली, तर ती २ वर थांबली.

आम्ल येते ते अर्थातच गोबर गॅसमधल्या हायड्रोजन सल्फाइडमधून: जळल्यावर सल्फर डायऑक्साइड, त्यातील थोड्याचे ट्रायऑक्साइड, आणि पाणी भेटले की सल्फ्युरिक आम्ल. हा सल्फाइड गॅसमधून काढून घेणारा, लेथवरचा गंजलेला लोखंडी कीस भरलेला स्क्रबर डिसेंबरात चांगले काम करत होता, परंतु खरकटे वाढवल्यापासून मी कीस बदललाच नव्हता आणि मोजल्यावर स्क्रबरनंतरही सल्फाइड ४०० पीपीएम (दहा लाखांत ४०० भाग) निघाले. जुना कीस उन्हात पसरवून पुन्हा वापरणाऱ्यांसाठी एक आठवण: तो ओला ठेवा आणि पातळ पसरा, हवा लागल्यावर तो तापतो आणि ढीग असेल तर पेटूही शकतो.

उपाय म्हणून नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या ऑटो पार्ट्सच्या दुकानातून ७१ अंशांवर उघडणारा मेणाचा थर्मोस्टॅट आणला आणि लूपचे दोन भाग केले. आतल्या छोट्या लूपमध्ये इंजिनाचे जॅकेट (सिलिंडरभोवतीची पाण्याची पोकळी), एक्स्चेंजर आणि पंप मिळून १५ लिटर पाणी फिरते. ते तापल्याखेरीज डायजेस्टरकडे काही जातच नाही. वरच्या बऱ्या नळ्या वापरून केलेल्या तात्पुरत्या, आखूड एक्स्चेंजरवर चार संध्याकाळी चाचणी घेतली. परतीचे पाणी ६४ ते ६७ अंशांवर स्थिर राहिले आणि बाटलीत लिटरऐवजी अर्धा कप पाणी आले. धूर आता १६० अंशांवर बाहेर पडतो, म्हणजे काही उष्णता मी जाणूनबुजून सोडतो आहे. स्लरी ३४ वरून ३२ वर आली, आणि ते मला मान्य आहे. आम्लाचा स्वतःचा दवबिंदू, म्हणजे त्याची वाफ द्रव होऊन बसू लागते ते तापमान, १०० अंशांच्याही वर असतो, त्यामुळे भिंत ६५ वर ठेवून ते पूर्ण टळत नाही, आणि म्हणून कीस दर तीन आठवड्यांनी बदलणे आता वहीत लाल शाईने लिहिले आहे. (या मोजमापासाठी इन्फ्रारेड बंदूक वापरू नका, चकचकीत स्टीलवर ती वाटेल ते सांगते. काळा रंग लावा किंवा नळीला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बांधा.)

तो अर्धा कप येतो पहिल्या बारा मिनिटांत, लूप गार असताना. त्यासाठी धूर बाजूने वळवणारी झडप करायची असे ठरवून मी तिचे रेखाचित्रही काढले होते, पण ही नोंद लिहिता लिहिता पॅनलच्या आकड्यांकडे लक्ष गेले. दुपारी बारानंतर बॅटरी भरते आणि इन्व्हर्टर पॅनलची वीज अडवून धरतो. अडगळीत ८० लिटरची जुन्या गीझरची टाकी पडली आहे. ती आतल्या लूपला जोडून १.५ किलोवॅटचे एलिमेंट लावले, तर २५ वरून ७० अंशांपर्यंत जायला सव्वाचार युनिट, म्हणजे पावणेतीन तास पुरतील. संध्याकाळी इंजिन कोमट ब्लॉकवर सुरू होईल आणि नळ्या पहिल्या मिनिटापासून कोरड्या राहतील. पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा हा बेत लंगडा पडणार, त्यामुळे झडपेचे रेखाचित्र फाडलेले नाही. टाकीला काचलोकर गुंडाळायला सुरुवात केली आहे. रविवारी प्लंबिंग करतो, आणि ३१६ च्या नळ्या किटने तपासून मिळाल्या तर नवा एक्स्चेंजर होळीच्या आधी अंबडला वेल्डिंगला जाईल.